मेणबत्तीच्या नावाचं गाव

फ्रेंच भाषेत मेणबत्तीला ‘बूजी’ म्हणतात. पैठणी म्हटलं की पैठण आठवतं, तसं बूजी म्हटल्यावर फ्रेंच माणसाला काही आठवत असेल असं वाटत नाही. पण हेही एका गावाचंच नाव आहे. भूमध्य समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावर, अल्जीरिया देशात, राजधानी अल्जीअर्सच्या पूर्वेला मोटारीनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर हे बंदर आहे. मागच्या डोंगरातल्या मधमाश्यांचं मेण मध्ययुगात इथून जहाजांनी युरोपात जाई. मेण चांगलं, म्हणून गावाचं नाव त्या मेणाला चिकटलं आणि पुढे त्या मेणाच्या बत्तीला.

गावाची नावं बरीच आहेत. रोमन लोक त्याला साल्दे म्हणत. अरबीत ते बिजाया, इटालियन व्यापाऱ्यांच्या तोंडी बुजिया, फ्रेंचांचं बूजी. आणि डोंगरातले लोक आपल्या कबायली बोलीत त्याला ‘ब्गायेत’ म्हणतात. आपल्या बागायतीशी याचा काही संबंध नाही, पण कानाला गोड लागतं खरं. ज्यानं जिंकलं त्यानं आपल्या जिभेला वळेल तसं नाव ठेवलं. आजचा माझा विषय या नावांच्या मागचा आहे. हे गाव इतक्या भाषांतून जगाशी बोललं. त्याच्या स्वतःच्या, घरातल्या भाषेचं काय झालं?

आधी गावाची ठेवण सांगतो. आपल्या कोकणात समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये निदान थोडी सपाटी आहे. इथे तीही बेताची. गुराया नावाचा साडेसहाशे मीटरचा डोंगर जवळजवळ पाण्यातूनच उठतो आणि गाव त्याच्या उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेलं आहे. डोंगराच्या माथ्यावर ‘यम्मा गुराया’ या साध्वीचं ठाणं आहे. यम्मा म्हणजे आई. माणसं नवस बोलायला वर चढतात, आणि वाटेत बिनशेपटीची माकडं त्यांच्या पिशव्यांवर नजर ठेवून असतात. दर्गा म्हणा, देवीची टेकडी म्हणा. हे दृश्य आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमनांनी इथे निवृत्त सैनिकांची वसाहत केली. त्या वसाहतीला पाणी हवं होतं. वीसेक किलोमीटरवर तूजाचे झरे होते, पण मध्ये डोंगर आडवा. नोनियस दातुस नावाच्या मोजणीदारानं आखणी करून दिली आणि तो आपल्या पलटणीत परत गेला. दोन्ही बाजूंनी एकदम बोगदा खणायला सुरुवात झाली. काही वर्षांनी लक्षात आलं, की दोन्हीकडचं खोदकाम मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झालंय आणि तरी दोन्ही टोकं भेटत नाहीत! दातुसला परत बोलावलं. वाटेत दरोडेखोरांनी त्याला मारलं, कपडेसुद्धा काढून घेतले. तसाच जखमी तो पोहोचला, दोन्ही बाजूंच्या तुकड्यांत पैज लावून त्यानं काम पुरं करून घेतलं आणि पाणी गावात आणलं. ही हकिकत त्यानं स्वतः दगडावर कोरून ठेवली आहे. इसवी सन १५२ च्या आसपासची ही गोष्ट. बोगदा सव्वाचारशे मीटरांहून थोडा लांब आहे आणि तो दगड आज बिजायातच आहे. सरकारी कामाची इतकी खरी फाइल मी दुसरी वाचलेली नाही.

गावाचे खरे चांगले दिवस आले ते १०६७ नंतर. हम्मादी घराण्याचा अमीर अन-नासिर यानं डोंगरापलीकडची आपली जुनी राजधानी सोडून समुद्रकाठी नवी वसवायला घेतली. हम्मादी हे मूळचे बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेचे अस्सल रहिवासी. धर्मानं मुसलमान, दरबारी भाषा अरबी. त्या अन-नासिरचं एक पत्रप्रकरण मला फार मोलाचं वाटतं. त्याच्या राज्यात थोडी ख्रिस्ती प्रजा उरली होती. तिच्यासाठी एका पाद्र्याला बिशप करावं अशी विनंती त्यानं रोमला पोपकडे केली, सोबत भेटी पाठवल्या आणि ख्रिस्ती कैदी सोडून दिले. १०७६ मध्ये पोप सातवे ग्रेगरी यांचं उत्तर आलं. आपण दोघं एकाच ईश्वराला मानतो, फक्त आपापल्या रीतीनं, अशा आशयाचं. धर्मयुद्धं सुरू व्हायला अजून वीस वर्षं होती. पुढे नऊशे वर्षांनी, १९६५ मध्ये, व्हॅटिकननं इतर धर्मांविषयीचं आपलं धोरण बदललं तेव्हा त्या मसुद्याच्या तळटीपेत आधार दिला तो या पत्राचा. पत्र ज्याला लिहिलं तो अमीर मात्र आपल्या शाळेच्या इतिहासात कुठे भेटत नाही.

आता जरा आपल्या घरची गोष्ट. बाराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या पिसा शहराचे व्यापारी बिजायात पेढ्या घालून होते. त्यांच्या जकातीचं काम पाहायला पिसाहून एक अधिकारी नेमला होता. त्यानं आपल्या मुलाला तिकडे बोलावून घेतलं आणि हिशेब शिकायला बसवलं. मुलाचं नाव लिओनार्डो. जग त्याला फिबोनाची म्हणतं. तोवर युरोपात हिशेब रोमन आकड्यांत चालत. त्या आकड्यांत गुणाकार करून पाहा, म्हणजे या पोराला काय सापडलं ते कळेल. बिजायात त्याला भेटली हिंदी लोकांची नऊ चिन्हं आणि दहावं शून्य. अरबीत शून्याला ‘सिफ्र’. उर्दूत आपण सिफर म्हणतो तेच. लिओनार्डोनं त्याचं लॅटिन करून ‘झेफिरुम’ केलं, आणि झिजत झिजत त्याचा झाला झिरो. म्हणजे शून्य आपलं, अरबी कपडे घालून बिजायाच्या बंदरात उतरलं आणि तिथून इटालियन होऊन पुढे गेलं. १२०२ मध्ये त्यानं आपला मोठा हिशेबग्रंथ लिहिला. त्यात आरंभालाच त्यानं बिजायाचं आणि हिंदी आकड्यांचं ऋण मानलं आहे. तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ मंडळींनी हे आकडे वह्यांत वापरायला बंदी घातलीच. नव्याची भीती सराफाला सर्वांत आधी वाटते.

या आकड्यांना वायव्य आफ्रिकेकडे ‘गुबारी’ आकडे म्हणत. गुबार म्हणजे धूळ. गझलेच्या श्रोत्यांना शब्द ओळखीचा आहे. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं आकडा काढायचा आणि पुसायचा. आपल्याकडे लहानपणी धुळाक्षरं गिरवत, ती हीच रीत. आजही कैरोत अरबी आकडे एका वळणाचे दिसतात आणि बिजायात दुसऱ्या. बिजायातले म्हणजे ज्यांना आपण ‘इंग्रजी आकडे’ म्हणतो ते. इंग्रजांचा त्यात काडीचा वाटा नाही.

आणि एक कवी म्हणून मला राहवत नाही, म्हणून हेही सांगतो. फिबोनाचीचं नाव ज्या संख्यामालेला लागलं, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा अशी, प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज, ती त्यानं सशांच्या जोड्यांच्या कोड्यातून मांडली. तीच माला गुजरातेत जैन आचार्य हेमचंद्रांनी ११५० च्या सुमारास मांडलेली आहे, आणि त्यांच्याही आधी विरहांकानं. ती छंदशास्त्रातून आली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. मोजून पाहा. इटालियन पोरगा आणि गुजराती आचार्य, एकमेकांच्या गावीही नव्हते. एकानं ससे मोजले, दुसऱ्यानं कवितेची ओळ. मला अर्थातच दुसरा जास्त जवळचा.

हा मुलगा जकातीवर हिशेब शिकत होता त्याच सुमारास याच गावात अबू मदयन हे थोर सूफी शिकवत होते. ते मूळचे स्पेनमधल्या सेव्हिलजवळचे. आणि १२०१ च्या रमजानमध्ये इब्न अरबी इथे आले असताना त्यांना एक स्वप्न पडलं, ते त्यांनीच लिहून ठेवलंय. आभाळातल्या एकूण एक ताऱ्याशी त्यांचं लग्न लागलं, आणि तारे संपल्यावर वर्णमालेतल्या एकेका अक्षराशी. ताऱ्यांचं ठीक आहे. पण अक्षरांशी लग्न म्हणजे काय, हे लिहिणाऱ्या माणसाला विचारा.

पुढे १३६५ मध्ये इब्न खल्दून बिजायाच्या अमिराचा हाजिब, म्हणजे मुख्य कारभारी, होऊन आला. सकाळी राज्याचा कारभार, उरलेल्या वेळात मशिदीत शिकवणं. डोंगरातल्या टोळ्यांकडून वसुली करायलाही तो स्वतः गेला. वर्षभरात अमीर आपल्याच चुलतभावाशी लढताना मारला गेला आणि खल्दूननं गाव नव्या धन्याच्या हवाली केलं. राज्यं टोळीच्या एकजुटीवर उभी राहतात आणि शहरी सुखात विरघळतात, हा त्याचा ‘मुकद्दिमा’मधला सिद्धांत. बिजायातला धडा त्यात कुठेतरी असणारच, असं मला वाटतं.

नंतरची उतरण थोडक्यात सांगतो. १५१० मध्ये स्पेननं बिजाया घेतलं. ते परत घेण्याच्या प्रयत्नात अरूज बार्बरोसानं आपला एक हात गमावला. १५५५ मध्ये अल्जीअर्सच्या तुर्कांनी ते जिंकलं, पण तोवर जुनं वैभव गेलं होतं. १८३३ मध्ये फ्रेंच आले.

आता मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. या सगळ्या काळात लिहिलं गेलं ते लॅटिनमध्ये, अरबीत, स्पॅनिशमध्ये, फ्रेंचमध्ये. गावातल्या जुन्या घराण्यांत एक अरबी बोली होती. पण आसपासच्या डोंगरातली माणसं, जी मेण आणत, तेल आणत, जकात भरत आणि यम्मा गुरायाला नवस करत, ती कबायली बोलत. ही बर्बर भाषाकुळातली, म्हणजे अमाझीग. तेराशे वर्षं ही माणसं मुसलमान आहेत. नमाज अरबीत पढतात आणि अंगाई कबायलीत गातात. यात त्यांना कधी अडचण वाटली नाही. अडचण वाटली ती राज्यकर्त्यांना.

१८७१ मध्ये या डोंगरांनी फ्रेंचांविरुद्ध मोठा उठाव केला. बिजायाजवळच्या सेद्दूकच्या शेख अहद्दाद यांनी लढ्याची हाक दिली. उठाव मोडला, जमिनी जप्त झाल्या, माणसं पार पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलिडोनियात नेऊन टाकली. त्या पडझडीत घरदार गमावलेला सी मोहंद नावाचा कवी पुढे आयुष्यभर पायी भटकला. त्याच्या कविता नऊ ओळींच्या. तो एकदा म्हटलेली कविता पुन्हा म्हणत नसे असं सांगतात. ऐकणाऱ्यांनी पाठ केली म्हणून ती उरली.

बिजायाच्याच मुलखातलं इगील अली हे अमरूश कुटुंबाचं गाव. घर ख्रिस्ती झालेलं, पण आई फद्मा हिच्या तोंडी जुनी कबायली गाणी होती. दळताना, बाळ जोजवताना, मयताला म्हणायची. जात्यावरच्या ओव्या, दुसरं काय. मुलगा जाँ अमरूश यानं ती फ्रेंचमध्ये आणून १९३९ मध्ये पुस्तक केलं. मुलगी ताओस ती मूळ चालीवर गायची. १९६६ मध्ये ती सेनेगलमध्ये, डाकारच्या महोत्सवात गायली. १९६९ मध्ये अल्जीअर्सला आफ्रिकेचा मोठा उत्सव झाला, तेव्हा तिच्याच देशाच्या सरकारनं तिला मंचावर बोलावलं नाही. ती विद्यार्थ्यांसमोर गायली.

कारण १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि ठरलं की राष्ट्राची भाषा एकच, अरबी. ज्या सुम्माम नदीच्या खोऱ्यात, बिजायाच्या मागे, ऑगस्ट १९५६ मध्ये स्वातंत्र्यलढ्याची आखणी करणारी गुप्त बैठक झाली, तिथलीच भाषा शाळेत नको झाली. मार्च १९८० मध्ये मुलूद मामेरी या लेखकाचं शेजारच्या तिझी ऊझू शहरात जुन्या कबायली कवितेवर व्याख्यान होतं. सरकारनं ते बंद पाडलं. एका व्याख्यानासाठी सगळा कबायली मुलूख रस्त्यावर आला. २००१ मध्ये पुन्हा उद्रेक झाला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. २००२ मध्ये ती भाषा ‘राष्ट्रीय’ झाली, २०१६ मध्ये राजभाषा.

मला हे वाचताना परकं वाटत नाही. माझ्या घरात दखनी बोलतात, नमाज अरबीत होते आणि कविता मराठीत येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत ओव्या लिहिल्या. तरी आजही एखाद्या कविसंमेलनात सूत्रसंचालक कौतुकानं म्हणतात, ‘मुस्लिम असूनही किती छान मराठी!’ तो ‘असूनही’ मी हसून घेतो. बिजायातल्या कवीला तोच शब्द उलट्या बाजूनं ऐकावा लागला: मुसलमान आहेस, मग अरबीत का नाही लिहीत?

भाषेला मान्यता मिळाली, आता भांडण लिपीचं आहे. कुणी म्हणतं अरबी लिपी, कुणी रोमन, कुणी वाळवंटातल्या शिळांवरची प्राचीन तिफिनाघ. बहुतेक कबायली पुस्तकं आज रोमन लिपीत छापली जातात. बिजायाच्या सरकारी पाट्यांवर मात्र तिन्ही लिप्या दिसतात, एकाखाली एक. त्यावर कुठे तारीख किंवा अंतर लिहायचं असलं, तर आकडे तिन्ही ठिकाणी तेच असतात, पिसाच्या पोरानं इथे शिकलेले.