टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ आणि आपलं वाणसामान



टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं भांडत असतात. महागाई, रेपो दर, तूट असे शब्द आले की आपण मालिका लावतो. पण कधी कधी ही माणसं आपल्याच चुलीबद्दल बोलत असतात. असाच एक वाद आज आम्ही सांगणार आहोत.

महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम. महागाई वाढली की ती व्याजदर चढे ठेवते, म्हणजे कर्ज महाग होतं. जुलै २०२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात सूचना आली, की हे उद्दिष्ट ठरवताना खाण्यापिण्याच्या वस्तू वगळण्याचा विचार व्हावा. मुद्दा अगदीच खोटा नाही. पावसाने टोमॅटो गेला, तर व्याज वाढवून झाडाला टोमॅटो थोडेच लागणार? गरिबांना तेवढ्या काळापुरते थेट पैसे किंवा कुपनं देता येतील, असंही त्यात होतं.

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी याला विरोध केला. लोकांना जी महागाई जाणवते तीच वगळली, तर लोकांचा बँकेवर विश्वास राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला राजन यांचं पटतं. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या १०० रुपये खर्चातले सुमारे ४६ रुपये खाण्यावर गेले, शहरात ३९. तेल-डाळ महागली की गटाची बचत आधी थांबते, हे आपल्या वहीतच दिसतं. आणि कुपन हातात पडेपर्यंत डाळ कुठून आणायची?

कांदा पिकवणाऱ्या बायकांचं गणित मात्र वेगळं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली ती भाव आवरायलाच. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण लासलगावात भाव पडले. या चर्चेला कांदेवाली सहसा बोलावलेली नसते.

आणखी एक. पट्टीवर नुसतं ‘अर्थतज्ज्ञ’ लिहिलेलं असतं. पण कोणी बँकेत नोकरीला असतो, कोणी शेअर दलालीच्या कंपनीत, कोणी विद्यापीठात शिकवतो. त्यात वावगं काही नाही, पण पगार कुठून येतो ते ऐकणाऱ्याला कळायला हवं. आपण नाही का, जावेचा सल्ला ऐकताना ती कुणाच्या बाजूची ते आधी बघत?

येत्या बैठकीला वाण्याची गेल्या वर्षीची आणि यंदाची चिठ्ठी घेऊन या. तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती. फळ्यावर शेजारी शेजारी मांडू.