निर्णय घेणारे मूल : जव्हार-मोखाड्याच्या भूमीवरून घडणकथेचा विचार

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या भूमीवर बालकुमार साहित्याच्या निमित्ताने जमलेल्या लेखक, शिक्षक आणि ग्रंथपालांसमोर अध्यक्षपदावरून जो विषय मांडावयाचा आहे, तो घडणकथेचा आहे. घडणकथा म्हणजे अशी कथा वा कादंबरी, जिच्या आरंभी नायक किंवा नायिका मूल असते आणि अखेरीस ते तसे राहिलेले नसते. मधल्या काळात त्याने स्वतःच्या बुद्धीने काही ठरविलेले असते, त्या ठरविण्याची किंमत मोजलेली असते आणि ती किंमत मोजूनही मनाचा ओलावा शाबूत ठेवलेला असतो. अशी कथा एखाद्या प्रत्यक्ष होऊन गेलेल्या काळात बेतलेली असली, की ती ऐतिहासिक घडणकथा होते. या भाषणाचे प्रतिपादन एवढेच, की मराठी बालसाहित्याने मुलांना माया पुष्कळ दिली, शौर्यही दिले, परंतु निर्णयाचा अधिकार मात्र हात आखडता घेऊनच दिला. आणि ही उणीव जितकी या डोंगराळ मुलखातल्या मुलांच्या बाबतीत जाणवते, तितकी अन्यत्र क्वचितच जाणवत असेल.

मराठीतील बालवाङ्मयाचा छापील प्रवास तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये निघालेल्या ‘बालबोध मुक्तावली’पासून मोजला जातो, आणि ते पुस्तक इसापाच्या नीतिकथांचे असल्यामुळे उपदेशाचे वळण या वाङ्मयाला जन्मापासूनच लागले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने त्या उपदेशाला काळीज दिले, यात शंका नाही. तथापि पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मार देऊन पोहायला धाडते, तो प्रसंग बारकाईने वाचला, तर धैर्य श्यामचे असले तरी निर्णय आईचा आहे, हे ध्यानात येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच्या नेमका उलट: तो सगळे आपणच ठरवतो, पण मालिकेचा नायक असल्यामुळे त्याला मोठे होण्याची सोय नाही, पुढच्या पुस्तकात त्याला पुन्हा तितकाच चपळ आणि तितकाच लहान राहावे लागते. प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र खरोखर वाढतो, आणि तेही आवाज न करता, म्हणूनच तो मुलांपेक्षा मोठ्यांच्या कपाटात अधिक सापडतो. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांनी मावळातला मुलगा इतिहासात आणून उभा केला. त्यांचा वारसा मोठा असला तरी त्याची वाट गडावरून जाते. गड नसलेल्या पाड्यावरच्या मुलाने इतिहासात कोणत्या वाटेने शिरावे, हा प्रश्न उरतोच.

प्रस्तुत मुलखात त्या वाटेवर पहिलीच गाठ पडते ती एका आख्यायिकेशी. जव्हार संस्थानच्या मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा याने इथल्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, नायकाने हसत होकार दिला, आणि जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, त्या एकीला एक जोडून मोठा भूभाग वेढून घेतला, अशी ती कथा आहे. पुढे १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याला मान्यता दिली, असे संस्थानची परंपरा सांगते. भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी राणी डायडोची हुबेहूब अशीच कथा सांगितली जाते. त्यामुळे ही घटना घडली की नाही, यावर इतिहासकाराने वेळ दवडण्याचे कारण नाही. कादंबरीकाराने मात्र इथे थांबावे. ही कथा आजवर नेहमी कातडे कापणाऱ्याच्या बाजूने, चातुर्याचा नमुना म्हणून सांगितली गेली आहे. जमीन देणाऱ्या नायकाला दहा-बारा वर्षांची मुलगी असेल, तिने त्या वाद्या जमिनीवर पसरत जाताना पाहिल्या असतील, आणि शब्द दिला म्हणजे दिला असे मानणाऱ्या बापाला ती काही विचारू पाहत असेल, तर त्या मुलीच्या प्रश्नातून जी कादंबरी निघेल ती कोणाचा द्वेष शिकवणार नाही, पण फसवणूक आणि चातुर्य यांच्यातली सीमारेषा वाचणाऱ्या मुलाला स्वतः आखावयास लावील. संस्थानिकांच्या अभिमानाला त्याने धक्का बसेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही; आख्यायिका जिवंत राहते ती अनेक तोंडांनी सांगितली गेल्यामुळेच.

दुसरी वाट याहून जवळच्या काळातली आहे. एकमेकांना खेटून असलेल्या या दोन तालुक्यांत स्वातंत्र्यापर्यंत दोन वेगळ्या राजवटी होत्या: जव्हार हे संस्थान होते, तर मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. जंगल एकच, नद्या त्याच, सोयरिकी इकडच्या तिकडे, आणि कायदे मात्र दोन. गुरे राखणाऱ्या मुलाला ही हद्द गुरांमागे धावताना ओलांडावी लागत असणार, हे एवढे एक सूत्रही ऐतिहासिक घडणकथेला पुरेसे आहे.

संस्थान विलीन होण्याआधी, १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणू भागात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव उभा राहिला. त्याचे मूळ दोन प्रथांत होते. वेठ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर मोबदल्याविना करावे लागणारे सक्तीचे काम. आणि लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराचा बांधील गडी झालेला माणूस, ज्याच्यासोबत त्याची बायकोही राबे आणि पुढे मुलेही. म्हणजे ज्या मुलाचा जन्मही झालेला नाही, त्याच्या बालपणाचा व्यवहार आईबापांच्या लग्नाच्या दिवशीच होऊन गेलेला असे. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि प्रौढ माणसाच्या मनातली भीती कशी गळून पडते, याचे त्यासारखे चित्रण मराठीत दुसरे नाही. परंतु वेठीला नकार देऊन बाप घरी परतला, त्या संध्याकाळी घरातल्या मुलाने काय पाहिले, हे लिहिणे त्या पुस्तकाचे काम नव्हते. ते काम बालकुमार कादंबरीचे होते आणि ते अद्याप व्हायचे आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शौर्य म्हटले की हौतात्म्याकडे धाव घेण्याची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांना जडली आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला गोळीबारात पडलेला शाळकरी शिरीषकुमार, त्याच वर्षी १४ ऑगस्टला पालघरला धारातीर्थी पडलेले पाच जण, किंवा २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला महादेव कोळी बंडकरी राघोजी भांगरे, यांच्यापुढे मस्तक नमतेच. पण हौतात्म्याची कथा मुलाचे मोठे होणे थांबवते, ते दाखवत नाही. वाचणाऱ्या मुलाला उद्या सकाळी उठून जगायचे असते, आणि जगत राहण्यासाठी लागणारे धैर्य वेगळ्या प्रतीचे असते.

त्या प्रतीचे धैर्य याच जिल्ह्याने पाहिले आहे. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई वाघ यांनी शिक्षण पुरे केले आणि त्या ताराबाई मोडकांच्या सोबत १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर आल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार त्या काळी सर्वत्र होती. मुले येत नव्हती, कारण त्यांना गुरे राखायची होती आणि घरी धाकटी भावंडे सांभाळायची होती. या दोघींनी अंगणवाडी, म्हणजे मुलांच्या अंगणात जाऊन भरणारी बालवाडी, पाड्यावर नेली, आणि कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात त्या कुरणावरच भरणारी शाळा, सुरू केली. गुरांवर एक डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्याने अक्षर ओळखणाऱ्या मुलाचे बालपण इथे शिक्षिकेने सोडवले नाही. त्याच्या कामाचा मान राखून तिने आपली शाळा त्याच्या सोयीने हलवली. हृदयस्पर्शी बालकथेचे सारे मर्म या एका व्यवस्थेत आहे, आणि विशेष म्हणजे तिच्यात कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणावे लागत नाही.

या उलट, १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून इथले मूल मराठी गद्यात बहुधा कुपोषित शरीर म्हणूनच अवतरत आले आहे. बातमीला ते आवश्यक होते, अजूनही आहे. साहित्याला ते पुरत नाही. भातकापणी आटोपून दिवाळी सरली, की बयाणा, म्हणजे कामाआधी घेतलेली उचल, फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसई-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. भट्टीवर विटांचा भाव हजारावर ठरतो, त्यामुळे चिखल तुडवण्यापासून थापलेली ओली वीट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पालटण्यापर्यंत घरातला प्रत्येक हात मोजला जातो, आणि हे पालटण्याचे काम हलक्या हातांचे म्हणून मुलांकडे येते: वीट तुटू नये, कोपरा दुमडू नये, ऊन चारी अंगांना सारखे लागावे, याचे ज्ञान आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांत असते. कच्च्या विटा आणि पेंढा यांच्या झोपडीला तिथे भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांशेजारीच मुलांना शिकवण्यासाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालविल्या. ज्या मुलीला आईबापांसोबत भट्टीवर जायचे, की आजीपाशी गावी राहून शाळा धरायची, हे नवव्या वर्षी ठरवावे लागते, तिच्या आयुष्यात कोणत्याही साहसकथेपेक्षा अधिक कथानक आहे. तिच्यावर दया करणारी कथा तिच्याकडून तो निर्णय काढून घेते. अखेरच्या पानावर एखादे शहरी दांपत्य किंवा कनवाळू अधिकारी येऊन सर्व काही ठीक करतो, अशा कथांना पारितोषिके मिळू नयेत, एवढे तरी परीक्षकांनी करावे.

परक्याने ही कथा लिहावी की नाही, या वादात एक परदेशी उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील सान निकोलस बेटावर एक आदिवासी स्त्री अठरा वर्षे एकटी राहिली. १८५३ मध्ये तिला मुख्य भूमीवर आणले गेले, तेव्हा तिची भाषा समजणारे कोणी सापडले नाही असे सांगितले जाते, आणि काही आठवड्यांतच ती वारली. १९६० साली स्कॉट ओडेल यांनी तिच्यावर ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ ही कादंबरी लिहिली. ती मुलांच्या साहित्यातली गाजलेली कृती ठरली आणि तिच्यातली एकाकी, स्वावलंबी मुलगी खरोखर लोभस आहे. परंतु ती मुलगी जे बोलते ते सर्व लेखकाने तिच्या तोंडी घातलेले आहे, त्याला इलाज नव्हता. जव्हार-मोखाड्यात तो इलाज आहे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी, महादेव कोळी यांची बोली आज कानावर पडते आहे. घांगळीच्या सुरावर भगत कणसरी या धान्यदेवतेची कथा गातो. बोहाड्यात, म्हणजे देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर नाचल्या जाणाऱ्या सोंगांच्या उत्सवात, संबळाच्या तालावर गावेच्या गावे जागी राहतात. पहिल्यांदा मुखवटा चढवून पुढे होणाऱ्या पोराला त्याच्या अरुंद भोकांतून समोरचे धड दिसत नाही, मुखवट्याचा भार मानेवर येतो, आणि तरीही ताल चुकवायचा नसतो. लेखकाला घडणकथेचा याहून नेमका प्रसंग कल्पून काढावा लागणार नाही. कथन मराठीत ठेवून संवाद बोलीत ठेवणे, आणि तसे पुस्तक आश्रमशाळेच्या कपाटात कुलपाबाहेर ठेवणे, हे दोन्ही तितकेच कठीण आहे, असे इथल्या शिक्षकांच्या अनुभवावरून दिसते.

यात एक गोष्ट थांबणारी नाही. १९४५ मध्ये जी मुले दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीला टेकलेली आहेत, आणि त्यांची आठवण कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. दोन्ही तालुक्यांतील आश्रमशाळांच्या शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना त्यांच्याच पाड्यांवरच्या अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे पाठवावे, त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्यावे, आणि लढ्यांचे सन-सनावळ विचारण्याआधी साधे प्रश्न विचारावेत: त्या वर्षी गुरे कोणाची राखत होतात, हद्दीपलीकडे पहिल्यांदा कोणासोबत गेलात, सावकाराच्या घरी जायचे नाही हे घरात आधी कोण म्हणाले, आणि ते ऐकल्यावर तुम्ही काय केलेत.