यंत्र तिथलं, दुरुस्ती इथली



पॉवर वीडर जिल्ह्याच्या गावी घेतला.
चार पैसे वाचले.
आता ऐन कोळपणीत तो बंद पडलाय.
आणि गावातले डीलर म्हणतात,
"जिथून घेतलात, तिथंच न्या."

मंडळी, एक गोष्ट ध्यानात ठेवा.
वॉरंटी सहसा कंपनीची असते, दुकानाची नव्हे.
गावातले डीलर त्याच कंपनीचे अधिकृत असतील,
तर त्यांच्याकडे हक्कानं जा.

पक्कं बिल न्या.
शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड न्या.
इंजिन नंबर यंत्रावरच असतो.
चिखल पुसा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तरीही टाळाटाळ झाली, तर कंपनीला फोन करा.
तक्रार क्रमांक लिहून घ्या.
तिथंही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.
क्रमांक १९१५.
पुन्हा सांगते, एक, नऊ, एक, पाच.

डीलर दुसऱ्याच कंपनीचे असतील, तर मात्र हक्क चालत नाही.
तिथं विनंतीच करायची.
सरळ सांगा,
"काका, यंत्र तुमच्याकडचं नाही, पण मजुरी रोख देतो."
बाहेर किती स्वस्त मिळालं, ते बोलू नका.
गिऱ्हाईक गेल्याचं त्यांना लागतं, आणि लागणारच.

मात्र वॉरंटी चालू असताना बाहेर इंजिन उघडू देऊ नका.
वॉरंटी कंपनीची आहे, आणि ती अशानं जाऊ शकते.
बेल्ट, ऑइल, स्पार्क प्लग असं किरकोळ सामान गावातूनच घ्या.
आणि सर्व्हिसिंग उन्हाळ्यातच उरका.
तेव्हा मेकॅनिकला उसंत असते.