आयनांबरातील ढवळाढवळ
(नाटे, ता. राजापूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



नाटे बंदरात दिवेलागण झाली की रेडिओवर दूरदूरची केंद्रे लागू लागतात. दिवसा तीच मुकी असतात. सुमारे ६० किलोमीटर उंचीच्या पुढे सूर्यकिरणांमुळे हवेचे कण विद्युतभारित होतात. हेच आयनांबर. त्याचा सर्वांत खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो मैल जातात.

या थरात मानवाला ढवळाढवळ करता येते काय? येते, आणि प्रथम ती नकळत घडली. १९३३ साली हॉलंडमध्ये टेलेगेन यांना स्वित्झर्लंडचे केंद्र ऐकताना मागून लक्झेम्बर्गचा कार्यक्रम ऐकू आला. तेथील बलाढ्य प्रक्षेपकाने आयनांबरच तापविले होते. पुढे हेतुपुरस्सर प्रयोग झाले. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटन शक्तीचा अण्वस्त्रस्फोट केला. चौदाशे किलोमीटरवरील हवाई बेटांत रस्त्यांवरील शेकडो दिवे विझले, रेडिओ संपर्क विस्कळीत झाला, कित्येक उपग्रह निकामी झाले. ही अनुमती कोणी दिली होती? आकाश ही काही बलाढ्य राष्ट्रांची जहागीर नव्हे! पर्यावरणाचा शस्त्र म्हणून वापर निषिद्ध करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७८ साली अमलात आला. त्याच्या स्पष्टीकरणात आयनांबराचाही उल्लेख आहे. भारत या करारात सहभागी आहे.

मात्र सावधपणा वेगळा आणि भयगंड वेगळा. अलास्कातील ‘हार्प’ या केंद्रात १८० अँटेना असून त्यांची प्रक्षेपणशक्ती ३,६०० किलोवॅट आहे. लष्करी निधीतून उभे राहिलेले हे केंद्र २०१५ मध्ये विद्यापीठाकडे गेले. ते आयनांबराचा एक तुकडा तापवते. प्रक्षेपण थांबताच परिणाम ओसरतो. २०२० चे ‘निसर्ग’ किंवा २०२१ चे ‘तौक्ते’ तेथून धाडले असे कोणी सांगू लागला, तर त्यास एवढेच विचारावे: वादळे घडतात ती खालच्या पंधरा-सोळा किलोमीटरांत, या लहरी तेथे शोषल्याच जात नाहीत, मग वादळ उठणार कशाने?

आयनांबराला खरा हादरा देतो तो सूर्य. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांनी टिपली. त्या नोंदीचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ आजही करतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्यात आली. तेथील वेधशाळा १९०४ सालची. आपल्याच किनाऱ्यावरची ही शतकाहून जुनी साधना! अलिबागची सहल मात्र समुद्रातला किल्ला पाहून परतते.