इलेक्ट्रिक जर्दाळू आणि न संपणारं गाणं

इअरफोन नीट लावा. आज ज्या बँडबद्दल बोलायचंय, तो बँड सिनेमापुरताच जन्माला आला. नाव काय, तर 'इलेक्ट्रिक ॲप्रिकॉट'. आपल्या भाषेत, विजेवर चालणारा जर्दाळू!

२००६ सालचा सिनेमा, 'इलेक्ट्रिक ॲप्रिकॉट: क्वेस्ट फॉर फेस्टरू'. हा मॉक्युमेंटरी प्रकार आहे, म्हणजे माहितीपटाचं सोंग. कॅमेरा हलतो, मुलाखती होतात, सगळे गंभीर चेहऱ्याने बोलतात आणि सगळं खोटं असतं. या प्रकाराचा बाप म्हणजे रॉब रायनरचा १९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप'. तिथे हेवी मेटलवाले होते, इथे जॅम बँड आहे. कॅलिफोर्नियातल्या या चौघांना एकदा तरी फेस्टरू नावाच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये वाजवायचंय. नावातली टोपी कुणाला बसते हे उघड आहे : टेनेसीमध्ये २००२ पासून होणारा बोनारू.

आता जॅम बँड म्हणजे काय? गाणं दोन कडव्यांत आटपायचं नाही. मधे वाट सोडून भटकायचं, आणि रोज वेगळं भटकायचं. सुरुवात केली ग्रेटफुल डेडने, १९६५ मध्ये. रोजचा कार्यक्रम वेगळा म्हणून चाहते टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, कॅसेट एकमेकांना फुकट द्यायचे. बँडने त्यांना हाकललं तर नाहीच, उलट १९८४ पासून त्यांच्या माइकच्या काठ्यांसाठी वेगळी जागा काढून दिली. विचार करा, आज आपण मोबाइल वर केला की मागचा ओरडतो!

अशा मंडळींची टिंगल करणं तसं सोपं. लांब केस, विश्वाशी एकरूप होण्याच्या गप्पा, आणि वीस मिनिटांचा सोलो. पण टिंगल करणारा कोण आहे बघा. लेखक-दिग्दर्शक लेस क्लेपूल, प्रायमस बँडचा बेसवादक-गायक. 'साउथ पार्क'चं शीर्षकगीत ऐकलंय ना? ते प्रायमसचं. शिवाय २००० मध्ये त्याने फिशच्या ट्रे अनास्टेसिओबरोबर ऑयस्टरहेड नावाचा बँड केला होता. म्हणजे गडी याच पंगतीत जेवलेला. सिनेमात तर त्याने बेस दुसऱ्याच्या हातात दिलाय आणि स्वतः ड्रमर बनलाय. आणि खुद्द ग्रेटफुल डेडचा बॉब वेअर पडद्यावर दिसतो! ज्याची टर उडवायची तोच पाहुणा म्हणून हजर. बाहेरच्या माणसाला हे जमलं नसतं. त्याने कपड्यांवर विनोद केले असते आणि घरी गेला असता.

मला मात्र सिनेमा बघताना हसता हसता थोडी भीती वाटली. या चौघांमध्ये लबाडी नाही. ते मनापासून वाजवतात, स्वतःच्या संगीताबद्दल तासन्‌तास बोलतात, आणि समोर माणसं मोजकी. तुमच्यापैकी कुणाचा बँड असेल, कुणी रील टाकत असेल, कुणी आमच्यासारखं पॉडकास्ट करत असेल, तर सांगा : आपण मोठे कलाकार होण्याच्या वाटेवर आहोत की नुसते जर्दाळू आहोत, हे आतून कळतं का? चांगला बँडही मनापासूनच वाजवतो ना!

एक फरक कळायला आपल्याला सोपं जावं. तबल्याच्या मैफलीत कलाकार कितीही दूर गेला तरी समेवर येतो की नाही, हे पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही माहीत असतं. सोळा मात्रा सगळ्यांच्या बोटांवर. भटकंतीला घर असतं. चांगल्या जॅममध्येही असं घर असतं. ते हरवलं की उरतो तो निव्वळ वेळ, आणि गंमत म्हणजे तो सिनेमात दाखवताच येत नाही. दीड तासाच्या सिनेमात खरा कंटाळा कसा बसवणार? तो कापावाच लागतो. त्यामुळे हा बँड असायला हवा त्यापेक्षा बरा वाटतो. माझ्या मते सिनेमाची हीच एक उणीव.

आणि तबल्याचं नाव उगाच घेतलं नाही हं. डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला. पुढे माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने दिगा रिदम बँड केला. १९७६ च्या त्यांच्या अल्बममधल्या एका तुकड्यातून डेडचं 'फायर ऑन द माउंटन' निघालं.

तर गृहपाठ असा. सिनेमा बघायच्या आधी डेडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम शोधा. 'स्कार्लेट बिगोनियाज'पासून सुरू करा, ते न थांबता 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरतं. दोन्ही मिळून वीस मिनिटांच्या वर जातात, पुढे ढकलू नका. मग सिनेमा लावा. आणि कितव्या मिनिटाला कंटाळा आला, ते प्रामाणिकपणे कळवा!