सांभाळणीचे दाम
(घुग्घुस येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आपण पुष्कळ बोलतो. आज कापसाच्या उत्पादनखर्चातल्या अशा एका रकमेविषयी बोलायचे आहे, जी सरकारच्या हिशेबात नाही आणि आपल्याही वहीत नाही. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आपली पोरे कोण सांभाळते, आणि त्याचे दाम कोण देते?

अंगणवाडी 1975 साली सुरू झाली, ती सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी. त्यापुढे शाळा. शाळा सुटते तेव्हा माय पऱ्हाटीत वाकलेली असते. शनिवारी शाळा सकाळचीच, आणि दिवाळीची सुटी येते ती ऐन वेचणीत. पोर घरी एकटे ठेवावे, तर घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. वावरात न्यावे, तर आपल्या जिल्ह्यात वाघाचे भय. मग शेजारची म्हातारी 'बघते मी' म्हणते, नाहीतर सहावी-सातवीतली थोरली पोर शाळा बुडवून घरी राहते. म्हणजे दाम द्यावे लागतेच. ते थोरल्या पोरीच्या शिक्षणातून वसूल होते.

कोणी म्हणेल, म्हातारी घरीच तर बसते, तिला पैसे कशाचे? भावांनो, हे बोलणे ओळखीचे वाटत नाही का? 'वावर तुमचे, राबणारी माणसे घरची, मग मजुरी कसली?' हेच आपल्याला ऐकवले गेले. घरच्यांची मेहनत खर्चात धरा म्हणून शेतकरी भांडला. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात आज ती धरली जाते. जो न्याय आपण दिल्लीला मागतो, तो शेजारणीला नाकारायचा कसा?

केंद्र सरकारने 2019 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषांचा 97. पोरे सांभाळण्याचा वेळ त्यात नाही, तो वेगळा मोजला आहे.

या कामाची किंमत ठरवता येत नाही, असेही नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यावी. माती खोदणारी आणि लेकरू सांभाळणारी, दोघींचा दर एक. आपणही तोच माप धरू.

समजा गावात दिवसाची रोजी 320 रुपये आहे. आठ तासांचा दिवस, म्हणजे तासाला 40. तीन तास सांभाळले, तर 120. सहा पोरे असतील, तर एका पोरामागे 20 रुपये. दोन पोरांची माय 40 रुपये देईल. तिने त्या वेळात दहा किलो कापूस जास्त वेचला आणि किलोला 10 रुपये वेचाई धरली, तर तिचे 100 होतात. दोघींचेही भागते.

पण चार गोष्टी आधी ठरवा. एक, रोजी पूर्ण धरा. घरबसल्याचे काम म्हणून निम्मी करू नका. दोन, एखादे पोर आले नाही, तरी त्याचा वाटा द्या. बाई तर अडकूनच पडली होती. तीन, मुरमुरे-चहाचा खर्च वेगळा, आणि शनिवारी व सुटीत जितके तास जास्त तितके पैसे जास्त. चार, हिशेब दर आठवडी बाजाराच्या दिवशी चुकता करा. ज्वारी द्यायची असेल, तर त्या दिवशीच्या बाजारभावाने मोजून द्या. जिच्याकडे दोन्ही नाही, तिने सावड करावी. तासाला तास, पण वहीत लिहून.

आणि याला मानधन म्हणू नका. अंगणवाडीच्या बायांना मानधन म्हणत म्हणत वर्षानुवर्षे कमी दिले. त्यांचा ग्रॅच्युइटीवर हक्क आहे, हे सांगायला 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागले. मान मनात असू द्या, हातात मजुरी द्या.

पैशाने शेजार तुटतो, असे म्हणतात. शेजार तुटतो तो फुकट राबवल्याने. 1986 साली चांदवडला शेतकरी बाया मोठ्या संख्येने जमल्या, त्या आपल्या कष्टाचा हिशेब मागायलाच. तो हिशेब घरापासून सुरू होतो. वेचणी लागण्याआधी प्रत्येक गावाने बायांची बैठक घेऊन दर ठरवावा आणि पुढच्या जिल्हा बैठकीत सांगावा. थोरली पोर मात्र उद्यापासूनच शाळेत गेली पाहिजे.