जात्यावरच्या ओव्या आणि फ्रेंच अभ्यासक




जात्यावरची ओवी म्हणजे बाईनं जपलेलं ज्ञान.
हे गी प्वातवाँ यांनी ओळखलं.
ते जन्मानं फ्रेंच.
पुण्यात राहिले, मराठी शिकले,
भारताचे नागरिक झाले.

दया पवारांचं 'बलुतं' त्यांनी फ्रेंचमध्ये नेलं.
बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं'सुद्धा.

पण मला मोठं वाटतं,
ते त्यांचं ऐकणं.
सोबत होत्या हेमा राईरकर.
मुळशीच्या डोंगरी गावांत बायका गायच्या,
आणि हे दोघं ऐकायचे.
पुढे राज्यभरातून लाखाहून अधिक ओव्या जमल्या.
गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं गेलं.

पुन्हा सांगते,
ओवी म्हणजे बाईनं जपलेलं ज्ञान.

प्वातवाँ २००४ साली गेले.
तुमच्या घरी आजीला ओव्या येतात?
आजच लिहून घ्या,
तिच्या नावासकट.